श्रावणातले स्फटिक

(मुलुंड पूर्व. बुधवारची संध्याकाळ. नलिनी घाडीगावकर स्वयंपाकघरात मेथी निवडते आहे. तिची मुलगी श्रुतिका, अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करणारी, त्याच टेबलावर कागद पसरून बसली आहे.)

श्रुतिका : तसं नाही आई. तू फिरून तेच विचारतेस. प्रयोग फसला नाही. प्रयोग झाला. फक्त उत्तर उलटं आलं.

नलिनी : मग ते फसणंच ना गो?

श्रुतिका : फसला असता तर बरं झालं असतं. मशीन बिघडलं, लेसर बंद पडला, असं काहीतरी. दोन दिवस रडले असते आणि पुन्हा लावला असता. इथे सगळं झकास चाललंय आणि उत्तर उलटं. ऑगस्टमध्ये एक, आता नोव्हेंबरमध्ये दुसरं. तेच स्फटिक, तेच औषध, तेच मशीन, तीच मी.

नलिनी : तीच तू कशी? ऑगस्टात हसत होतीस.

श्रुतिका : आई, प्लीज.

नलिनी : बरं, गप्प बसते. चहा टाकू?

श्रुतिका : तीन झाले. डोकं नुसतं भणभणतंय. उद्या बाराच्या आत गाइड मॅडमना सांगायचंय, आणि काय सांगायचं तेच कळत नाहीये.

नलिनी : पण तो पेपर तर मासिकवाल्यांनी घेतला ना? मी तळमजल्यापासून पेढे वाटत वर आले. चौथ्या मजल्यावरच्या सुंदराबाई तर मला रोज विचारतात, पोरगी कधी निघाली जर्मनीला.

श्रुतिका : घेतला, पण अजून छापला नाहीये. उद्या दुपारी शेवटचा मजकूर पाठवायचा, मग छापतात. आणि जर्मनीवाले मला घेतायत ते त्याच पेपरवर, हे तुला सांगितलंय मी.

नलिनी : मग पाठवून द्यायचा. आता कशाला उकरून काढायचं?

श्रुतिका : मी कुठे उकरलं? थीसिससाठी एक आलेख कमी पडत होता, म्हणून नवी बॅच लावली. वाटलं, चार आठवड्यांत तोच आलेख पुन्हा येईल, चिकटवून टाकू. आला तो भलताच. दोन दिवस लपवून ठेवला मी. शेवटी आज दुपारी दोन्ही आलेख घेऊन चेतना मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाकडे धरले. मग म्हणाल्या, काय वेगळं केलंस? मी म्हटलं, काहीच नाही. तर म्हणाल्या, काहीच वेगळं नसेल तर दोनपैकी एक खोटं आहे, आणि कुठलं ते तुलाच सांगता आलं पाहिजे. उद्या बाराला पाठवू की थांबवू, एवढं सांग. बास. ओरडल्या असत्या तरी परवडलं असतं.

नलिनी : बाई खमकी आहे हां.

श्रुतिका : खमकी नाही गं, चांगली आहे. तोच तर त्रास आहे.

नलिनी : श्रुती, एक विचारू? रागावू नकोस. तू मोजतेस काय नेमकं? लोक मला विचारतात. मी आपली सांगते, अंड्याचं काहीतरी करते. ते हसतात. मग मीपण हसते.

श्रुतिका : मीच सांगितलंय तुला तसं. सोपं पडावं म्हणून.

नलिनी : मग जरा कठीण सांग.

श्रुतिका : आत्ता?

नलिनी : मेथी निवडायला कान लागत नाहीत.

श्रुतिका : हं. अंड्याच्या पांढऱ्या भागात एक प्रोटीन असतं. जंतू मारतं ते. आकार साधारण असा, माझ्या हातासारखा. हा अंगठा, ही बोटं, मध्ये फट. ती फट उघडते, मिटते. आणि पूर्ण प्रोटीनच सारखं हलत असतं, थांबत म्हणून नाही. ते किती लवचिक आहे, सैल आहे की ताठ, हे मोजायचं. हे माझं काम.

नलिनी : दुर्बिणीतून दिसतं?

श्रुतिका : कशातूनच दिसत नाही. एका सेकंदात लाख कोटी वेळा हलतं ते. त्याचे स्फटिक बनवायचे, साखरेच्या दाण्याएवढे, आणि त्यांच्यातून टेराहर्ट्झ नावाचा प्रकाश सोडायचा. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. प्रोटीन ज्या लयीत हलतं, त्याच लयीचा प्रकाश ते गिळतं, बाकीचा पलीकडे जातो. किती गिळला, कुठे गिळला, त्याचा आलेख काढायचा. त्यावरून कळतं सैल की ताठ.

नलिनी : हां. आणि औषध?

श्रुतिका : औषधाचा बारीकसा रेणू त्या फटीत नेऊन बसवायचा. तो बसला की अख्खं प्रोटीन ताठ होतं. हाच आमचा पेपर. जूनमधली बॅच औषधाशिवायची होती, ती सैल. ऑगस्टमधली औषध घातलेली, ती ताठ. फरक इतका स्वच्छ, की मॅडम म्हणाल्या दहा वर्षांत असा आलेख पाहिला नाही. आणि आता नोव्हेंबरमध्ये औषध घातलेलीच बॅच, मस्तपैकी सैल. म्हणजे औषध काही करतच नाही.

नलिनी : किंवा आता कमी घातलंस.

श्रुतिका : नाही. तीनदा मोजलंय.

नलिनी : मग हवा. ऑगस्टात दमट असतं, आता कोरडं.

श्रुतिका : तेही बघितलं. आमचा सगळा जन्म त्यातच जातो गं. पाणी तो प्रकाश गटागटा पिऊन टाकतं, हवेतली वाफसुद्धा. म्हणून मशीनच्या पेटीत कोरडा नायट्रोजन भरून ठेवतो. पण स्फटिक मात्र आतून ओला लागतो. त्याच्यातलं पाणी गेलं की तो कामातून गेला. म्हणजे भोवती सगळं कोरडं आणि मध्ये एवढीशी ओल, असं सांभाळायचं. वाट लागते. पण सांभाळलं होतं मी. दोन्ही वेळचे आकडे आहेत वहीत.

नलिनी : मग वहीतच बघ ना.

श्रुतिका : वहीत सगळं आहे. वेळ, तारीख, औषध किती थेंब. एकच गोष्ट नाहीये.

नलिनी : कुठली?

श्रुतिका : डबा घरी होता ही.

नलिनी : आपल्या घरी?

श्रुतिका : लॅबच्या बिल्डिंगीत जून ते ऑगस्ट दर शनिवार-रविवार लाइट बंद ठेवत होते, वायरिंगचं काम होतं. स्फटिक वाढायला चार आठवडे चार अंशांत ठेवावे लागतात, हलवायचे नाहीत. म्हणून जूनची बॅच मी घरी आणली आणि ऑगस्टचीपण. नियमात बसत नाही ते. वहीत लिहिलं, 'फ्रिज, चार अंश'. खोटं नाही लिहिलं. पण कोणाचा फ्रिज ते नाही लिहिलं. मॅडमना माहीत नाही.

नलिनी : फ्रिज तो फ्रिज.

श्रुतिका : तेच मीपण स्वतःला सांगते आहे. म्हणून विचारते तुला. मी चार आठवडे बंगळुरूला ट्रेनिंगला होते, तेव्हा डबा फ्रिजमध्येच होता ना?

नलिनी : होता की.

श्रुतिका : लाइट गेली होती मध्ये? बराच वेळ?

नलिनी : नाही बा.

श्रुतिका : कोणी उघडला? बाबांनी बिबांनी?

नलिनी : ते कशाला उघडतात. ते पाण्याची बाटलीपण स्वतः काढत नाहीत.

श्रुतिका : मधल्या फळीवर, मागे? मी ठेवला होता तिथेच?

नलिनी : जून आहे हो आजची मेथी. दहा रुपये जास्त घेतले मेल्याने आणि काड्याच काड्या.

श्रुतिका : आई.

नलिनी : काय?

श्रुतिका : काही नाही. मग मशीनच. मशीनशिवाय दुसरं काय असणार. पण मशीन तर… अरे यार, बेल. कोण आलं बघ.

नलिनी : समोरची माधुरी असेल. बस तू, मी बघते. माधुरी, जरा नंतर ये गो, पोरगी कामात आहे.

माधुरी : नंतर कधी? मला उद्या सकाळची ड्यूटी आहे, नऊला झोपते मी. दे ती अंडी. उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार ना तुझा?

नलिनी : मी आणून देते तुझ्याकडे. तू जा.

माधुरी : अगं, समोरचं तर दार आहे. काय श्रुतिका, तोंड का असं? ही तुझी आई बघ बाई, दर वर्षी हेच. श्रावण आला की अंडी, सुकट, जवळा, सगळी वरात माझ्या फ्रिजमध्ये. मार्गशीर्षात गुरुवारपुरती. मी म्हणते, नलूताई, मी आपली बुद्धवंदना करणारी, मला तुझ्या देवाचा त्रास नाही, आण काय आणायचं ते. आणि हो, या वेळी पोरीचा डबा असेल तर आत्ताच सांग. वरची फळी रिकामी करून ठेवते.

श्रुतिका : कुठला डबा?

नलिनी : माधुरी.

माधुरी : तुझाच की. तो चपटा, पांढऱ्या झाकणाचा, वर चिकटपट्टी. श्रावणात होता ना माझ्याकडे महिनाभर. का? काय झालं? असे डोळे काय करतेस?

श्रुतिका : आई, डबा मावशीकडे होता?

नलिनी : ही घे अंडी, माधुरी. जा तू.

श्रुतिका : आई, मी आत्ता विचारलं तुला. फ्रिजमध्ये होता का, म्हणून.

नलिनी : फ्रिजमध्येच होता. तिच्या.

माधुरी : थांब थांब, मला कळू दे. मी काही चुकीचं बोलले का?

नलिनी : तुझी काही चूक नाय. माझीच. श्रुती, तू गेलीस दिव्यांच्या अवसेला. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. मी सगळी अंडी काढली, तसा तो डबापण काढला. तूच म्हणाली होतीस, अंड्यातलं आहे. देवाचं दूध असतं गो त्या फळीवर, नैवेद्याचं. महिनाभर त्याच्या बाजूक अंडा कसा ठेवू? दोन हातांनी धरून नेला, हलू दिला नाही. आणि पिठोरी झाल्यावर शनिवारी आणून ठेवला जाग्यावर. तू रविवारी येणार होतीस.

श्रुतिका : मला सांगितलं का नाहीस?

नलिनी : हलवू नको म्हणाली होतीस. आणि मी हलवला. मग सांगूक तोंड होता काय माका?

श्रुतिका : तीन महिने झाले, आई.

नलिनी : तीन महिने सगळा चांगलाच चालला होता ना! पेपर घेतला, पेढे वाटले. माका वाटला, काय झाला नाय. बरा झाला.

माधुरी : ए, बस झालं. श्रुतिका, मला नीट सांग. माझ्या फ्रिजमध्ये ठेवल्याने बिघडलं का काही? कारण मी ब्लड बँकेत आहे. तापमान मी बघते. घरच्या फ्रिजमध्येसुद्धा थर्मामीटर ठेवलाय, माझा पोरगा सम्यक हसतो मला. चार होतं. चार म्हणजे चार. महिनाभर.

श्रुतिका : चार?

माधुरी : वाटल्यास चल, दाखवते. आजपण चार आहे.

श्रुतिका : मग तापमान नाही. मग काय? मावशी, दार लागलं नव्हतं असं कधी? लाइट?

माधुरी : दोन वर्षांचा आहे फ्रिज, सम्यकने पहिल्या पगारातून घेतलाय. दोन दारांचा. उघडं राहिलं की बोंबलतो तो.

श्रुतिका : डबा आडवा-तिडवा झाला? सुकटीच्या खाली?

माधुरी : वरच्या फळीवर एकटा होता. राजासारखा.

श्रुतिका : मग मला कळत नाही. खरंच कळत नाही. तापमान तेच, डबा तोच. मग तो तिकडे असला काय आणि इकडे असला काय, काय फरक पडतो? उगाच आईला बोलले मी.

नलिनी : बघ. मी म्हटलं ना, फ्रिज तो फ्रिज.

माधुरी : नाही हां, असं काही नाही. तुझा हा जुना, आत सारखी ओल. बाजूंना पाणी सुटतं, आठवड्याला बर्फ खरवडतेस. माझ्यात बर्फाचा कण धरत नाही. आत वारा फिरतो सारखा. पण त्याचंपण सुख नाही बाई, कोथिंबीर कागदात गुंडाळली नाही तर दोन दिवसांत कडकड वाजते.

श्रुतिका : काय म्हणालात?

माधुरी : कोथिंबीर गं. सुकते. पालक तर विचारूच नको.

श्रुतिका : सुकते.

नलिनी : काय झालं? श्रुती? पाणी देऊ?

श्रुतिका : त्या डब्याला फक्त चिकटपट्टी होती. आपल्या फ्रिजमध्ये बाहेर ओल, आत ओल, चालून गेलं. जूनची बॅच ओली राहिली, म्हणून सैल. मावशींचा फ्रिज चार आठवडे पट्टीच्या फटीतून पाणी ओढत राहिला. औषधवाली बॅच सुकली. पूर्ण नाही, थोडीशी. म्हणून ताठ. आणि नोव्हेंबरची वाढली लॅबच्या फ्रिजमध्ये, तो तुझ्या फ्रिजहून जुना आहे आई, त्याच्यात तर तळं साचतं. म्हणून पुन्हा सैल.

माधुरी : म्हणजे औषधाचा संबंधच नाही?

श्रुतिका : असेल. नसेलही. कडा तडकल्या होत्या त्या स्फटिकांच्या. ऑगस्टमध्ये भिंगाखाली बघितलं तेव्हा बारीक रेषा होत्या. मला वाटलं, औषधाने झालं. मी तेसुद्धा पेपरात लिहिलंय, 'औषधाच्या परिणामाची खूण' म्हणून. मॅडमनी खाली रेघ मारली होती, छान म्हणून.

नलिनी : आई गो.

श्रुतिका : तुला एक गोष्ट सांगितली होती मी. एक. हात लावू नकोस. घरात एक वस्तू माझी नाही राहू शकत का तुझ्या देवांच्या तावडीतून?

नलिनी : बोल. बोल तू.

माधुरी : श्रुतिका, आईशी नीट बोल. तू तिला काय सांगून गेली होतीस? पाणी लागतं, बाहेरची हवा चालत नाही, सांगितलं होतंस? 'अंड्याचं आहे' एवढं सांगितलंस. मग तिने अंड्याचं जे करायचं ते केलं. वीस वर्षं करतेय.

श्रुतिका : …हो. बरोबर आहे.

माधुरी : आणि ब्लड बँकेत कोणी पिशवी घरी नेली असती ना, तर मी पहिली त्याच्या कानाखाली काढली असती. हेपण ऐकून ठेव.

श्रुतिका : तेपण बरोबर आहे.

नलिनी : तिला नको बोलूस माधुरी. आधीच जीव अर्धा झालाय तिचा. श्रुती, इकडे बघ. हे कोणाला माहीत आहे? तुला, मला, हिला. माधुरी बोलणार नाही. मी तर नाहीच. तुझ्या मॅडमला डबा घरी होता हेच माहीत नाही. उद्या सांग, नोव्हेंबरचं चुकलं. मशीनचं काहीतरी. पाठवून दे तो पेपर आणि जा तू. पुढचं पुढे.

श्रुतिका : मला वाटतंय तसं करावं.

नलिनी : मग?

श्रुतिका : खरंच वाटतंय, मावशी. कारण मलाही नक्की माहीत नाहीये. औषधानेही ताठ झालं असेल थोडं. सुकल्यामुळे थोडं, औषधामुळे थोडं, कोणी सांगावं? कदाचित पेपर खरासुद्धा असेल. मग खरा पेपर मी स्वतःच्या हाताने का मारू?

माधुरी : मी काय सांगू? मी बारावी आणि डिप्लोमा. तुझ्या त्या लाख कोटीतलं मला कळत नाही.

श्रुतिका : तरी सांगा.

माधुरी : चार वर्षांपूर्वी आमच्या एका फ्रिजची तापमानाची नोंद एक रात्र झालीच नाही. कागद अडकला होता. सकाळी मी आले तर फ्रिज थंडगार, चार अंश, पिशव्या लालबुंद, काही खोट नाही. अडतीस पिशव्या. त्यातल्या दोन, मुश्किलीने मिळणाऱ्या गटाच्या. बाहेर बाळंतिणीचा नवरा बसलेला, नाशिकहून आलेला. कदाचित सगळ्या चांगल्या होत्या. पण मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. टाकल्या. त्या माणसाला दुसरीकडून आणून दिलं, सहा तास गेले. त्याने मला नाही नाही ते ऐकवलं. घरी येऊन ह्या तुझ्या आईजवळ बसून रडले होते, विचार तिला.

नलिनी : रडली होती. जेवली नव्हती.

माधुरी : तू म्हणतेस, मला नक्की माहीत नाही. बरं. पण आपल्याला माहीत नाही, एवढं तरी तुला नक्की माहीत झालंय ना आता? सकाळपर्यंत ते नव्हतं. आता तू ते विसरणार कशी? मला जमलं नाही. तुझं तू बघ.

श्रुतिका : आई, माझा फोन कुठेय?

नलिनी : मिक्सरच्या मागे. श्रुती, जेवून घे आधी. मग कर.

श्रुतिका : जेवले तर करणार नाही मी.

नलिनी : तेच म्हणते मी.

श्रुतिका : आई, दे.

नलिनी : घे.

श्रुतिका : हॅलो, मॅडम, श्रुतिका. … हो, घरी. मॅडम, थांबवा. … पेपर. उद्या पाठवू नका. … कळलं, म्हणजे कळल्यासारखं वाटतंय. … नाही, मशीन नाही. फ्रिज. … ऑगस्टची बॅच लॅबमध्ये नव्हती. मी घरी आणली होती. जूनचीपण. … हो. … नाही, वहीत नाही लिहिलं. … माहीत आहे, मॅडम. … पण ऑगस्टची आमच्याही घरी नव्हती. शेजारी होती. … श्रावण होता म्हणून. … श्रावण, मॅडम. श्रावण महिना. … अंड्याचं आहे, म्हणून. … हॅलो? मॅडम? … हो, आहे मी. … हो, सुकटपण. … हो. … हो, लिहून आणते. … ठेवते.

माधुरी : काय म्हणाल्या?

श्रुतिका : मला वाटलं, फोन कट झाला. मग विचारलं, तुमच्याकडे श्रावणात सुकट पण शेजारी जाते का? मी म्हटलं, हो. तर म्हणाल्या, आमच्याकडेही जायची. एवढंच. आणि लगेच पुन्हा मॅडम झाल्या.

नलिनी : मग? पुढे?

श्रुतिका : पेपर मागे घेतायत. आज रात्रीच मेल करणार आहेत. पुन्हा सगळ्या बॅचेस लावायच्या, औषधवाली, बिनऔषधाची, ओली, सुकवलेली. मार्च तरी होईल. वहीत न लिहिल्याबद्दल माझ्याशी उद्या वेगळं बोलणार आहेत. ते म्हणाल्या तेव्हा आवाज थंड होता.

नलिनी : आणि जर्मनी?

श्रुतिका : त्या स्वतः लिहिणार आहेत तिथे, काय झालं ते. ते लोक थांबतील की दुसऱ्या कोणाला घेतील, सांगता येत नाही म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं, त्याच म्हणाल्या.

नलिनी : थांबतील गो. इतकी खरी पोरगी दुसरी कुठे मिळणार त्यांना?

श्रुतिका : तुला खरं सांगू? मला बरं वाटतंय की वाईट, तेच समजत नाहीये.

माधुरी : बस खाली. नलूताई, भात लाव. आणि सुंदराबाईंना मी सांगते काय ते, तू नको तोंड उघडूस.

श्रुतिका : आधी एक काम आहे. उद्या नऊला लेखी हवंय, डबा कुठल्या दिवशी कुठे होता. तारखा लागतील. आई, नक्की कधी नेलास?

नलिनी : सांगितलं ना. अवस झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी. आंघोळ करून.

माधुरी : कॅलेंडर बघ. अवस चोवीस जुलै. म्हणजे पंचवीस, शुक्रवार. मी सेकंड शिफ्टला होते, बरोबर. आणि परत नेला पिठोरीनंतर, तेवीस ऑगस्ट. शनिवार, दुपारी. मीच दार उघडलं.

श्रुतिका : किती वाजता?

माधुरी : दीडचा सुमार. मी जेवत होते. डाव्या हाताने दार उघडलं, म्हणून लक्षात आहे.

श्रुतिका : बरं. कागद द्या तो. लिहिते, आणि मग ऐका तुम्ही दोघी, काही चुकलं का ते.

नलिनी : वाच.

श्रुतिका : 'शुक्रवार, पंचवीस जुलै रोजी सकाळी, घरातील एका व्यक्तीने डबा शेजारच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवला. सदर व्यक्तीस नमुन्याच्या स्वरूपाची पुरेशी माहिती देण्यात आलेली नव्हती. ती जबाबदारी माझी होती.'

माधुरी : छान लिहिलंय.

नलिनी : घरातील एका व्यक्तीने.

श्रुतिका : तुझं नाव कशाला, आई? हा कागद फाइलला लागणार. मॅडम वाचतील, अजून कोण कोण वाचेल. जर्मनीलासुद्धा जाईल.

नलिनी : जाऊ दे. इतकी वर्षं बिल्डिंगीत सांगते, अंड्याचं काहीतरी करते पोरगी. मला ठाऊकच नव्हतं काय ते. आज कळलं. आणि कळलं तेव्हा मीच मोडून बसले होते.

श्रुतिका : तू नाही मोडलंस.

नलिनी : डबा मी नेला ना? दोन हातांनी? मग लिही तसं. व्यक्ती काय, व्यक्ती. खोड तां. आण ते पेन इकडे, माझं नाव मी लिहिते.